साहेब, आकडा खरा हवा की पुरा?

रा. रा. विक्रीप्रमुख साहेब यांसी,


आपले परिपत्रक पावले. "कंपनी हे एक कुटुंब आहे, फिरतीवरील प्रत्येक सहकाऱ्याने व्यवस्थापनाशी मोकळेपणाने बोलावे," असे आपण त्यात लिहिले आहे. सोबत फोनवर भरावयाचा एक तक्ताही धाडला आहे. त्यात पाच प्रश्न, प्रत्येक प्रश्नापुढे पाच चांदण्या, आणि तळाशी 'आपले नाव पूर्णपणे गुप्त राहील' असे आश्वासन. त्याच्या वरच्याच ओळीत कर्मचारी क्रमांक लिहिणे अनिवार्य आहे. तो लिहिल्यावाचून तक्ता पुढे सरकत नाही. गुप्ततेची ही तऱ्हा पाहून मी तक्ता तसाच ठेवला आणि हे उत्तर दिवाळी अंकाकडे पाठविले. बोलावयाचे आहे ते चांदण्यांत मावणारे नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की ज्या व्यवहाराबद्दल बोलायचे त्याची किंमत अखेर या अंकाचे वाचकच आपापल्या औषधांच्या बिलांतून मोजतात. त्यांना ओसरीवर ठेवून आपण दोघांनीच माजघरात कुजबुजणे बरे दिसणार नाही.

वाचकांनी मला पाहिले आहे. ओळखत मात्र नाहीत. तापाने फणफणलेले पोर मांडीवर घेऊन आपण दवाखान्यात नंबर लावून बसलेले असता. आपला अकरावा नंबर. दहावा रोगी बाहेर येतो, तोच इस्त्रीचा शर्ट घातलेला आणि खांद्याला जड काळी बॅग अडकविलेला एक गृहस्थ कंपाउंडरला काही खुणावतो आणि आत शिरतो. आपण मनातल्या मनात त्याचा उद्धार करता. तो मी. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, बोलीभाषेत एमआर. आत माझे बोलणे दोन मिनिटांत आटोपते आणि त्या दोन मिनिटांसाठी मी बाहेर भिंतीला टेकून दीड तास उभा असतो. खुर्च्या रोग्यांसाठी असतात, तेव्हा बसत नाही. ते योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

माझे मुख्यालय सांगली-मिरज. मिरज हे डॉक्टरांचे गाव म्हणून पंचक्रोशीतच नव्हे तर कर्नाटकातही प्रसिद्ध. तिकडचे रोगी इथे मुक्कामाला येतात. मुख्यालयाबाहेर तासगाव, विटा, आटपाडी, जत. जतला जायचे म्हणजे एका दिशेला ८०-९० किलोमीटर मोटारसायकल हाकायची, उन्हाळ्यात डोक्याला ओला रुमाल बांधून. तेही असो. ऊन आपण पाडलेले नाही.

मी आत जाऊन बोलतो काय, हे आधी सांगितले पाहिजे, म्हणजे पुढचे समजेल. आपल्या देशाने १९७० साली पेटंटचा जो कायदा केला त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट ठेवले नाही, ते बनविण्याच्या कृतीवर तेवढे ठेवले. दुसऱ्या कृतीने तोच पदार्थ करण्याची वाट मोकळी झाली, देशी कारखाने उभे राहिले, परदेशी कंपन्यांची मिरासदारी मोडली आणि औषधे गरिबाच्या आवाक्यात आली. २००५ साली पदार्थावरचे पेटंट पुन्हा आले खरे, पण रोजच्या वापरातली बहुतेक जुनी औषधे खुलीच राहिली. हे सारे उत्तम झाले. आपली कंपनी त्याच पुण्याईवर उभी आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा, की आम्लपित्तावरची पॅन्टोप्राझोलची ४० मिलिग्रॅमची एकच गोळी आज बाजारात असंख्य नावांनी विकली जाते. पदार्थ तोच, मात्रा तीच, गुणही तोच. वेगळे आहे ते नाव आणि पट्टीचा रंग. आता डॉक्टरांसमोर मी नवे काय सांगावे? शास्त्राची गोष्ट पहिल्या वाक्यात संपते. डॉक्टर ते वाक्य माझ्याआधी आलेल्या चौघांकडून ऐकून बसलेले असतात. दुसऱ्या वाक्यापासून उरते ती भीड, आणि भीड पुरली नाही की भेट. आमच्या धंद्यातल्या बहुतेक दुखण्यांचे मूळ इथे आहे. आपण मात्र दर सभेत आम्हाला 'दमदार सादरीकरण' शिकविता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तो म्हणजे महिनाअखेरचे क्लोजिंग.

वाचकांसाठी थोडी फोड करतो. कंपनीच्या डेपोतून माल स्टॉकिस्टच्या गोदामात गेला की ती प्रायमरी विक्री. स्टॉकिस्टकडून केमिस्टच्या दुकानात गेला की सेकंडरी. केमिस्टकडून रोग्याच्या घरी गेला, त्याने गोळी पाण्याबरोबर घेतली आणि त्याला बरे वाटले, या तिसऱ्या गोष्टीला आमच्या तक्त्यात रकानाच नाही. माझे टार्गेट मोजले जाते ते बहुतांशी पहिल्या विक्रीवर. म्हणजे गोळी गोदामात पोहोचली की कंपनीच्या दृष्टीने रोगी बरा झाला.

समजा, माझ्या भागाचे टार्गेट महिना ६ लाखांचे आहे आणि खरा खप आहे साडेचार लाखांचा. महिन्याच्या २५ तारखेपासून फोन सुरू होतात. सकाळी एरिया मॅनेजर, दुपारी पुन्हा एरिया मॅनेजर, संध्याकाळी रीजनल मॅनेजर, आणि रात्री दहाला, पोरे झोपल्यावर, गटावर सर्वांच्या देखत आकड्यांचा तक्ता. त्यात माझे नाव तांबड्या रंगात. "किती झाले?" एवढाच प्रश्न. 'का झाले नाही' असे गेल्या कित्येक वर्षांत मला कोणी विचारलेले आठवत नाही. हे दीड लाख कुठून यावेत? रोगी काही २८ तारखेला अधिक आजारी पडत नाहीत. मग उरतो स्टॉकिस्ट.

आमचे एक स्टॉकिस्ट वयाने वडीलधारे आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. शेकडा आठ-दहा टक्क्यांवर धंदा करणारा माणूस, त्यातून गोदामाचे भाडे, हमाल, उधारी. महिनाअखेरीस मला दारात पाहिले की ते आधी हात जोडतात आणि मग चहा सांगतात. मागे एकदा म्हणाले, "अहो, मागच्या महिन्याच्या पेट्यांवर बसून मी हा चहा पितोय. आणखी पाठवलात तर मला छतावर बसावं लागेल." तरीही पेट्या येतात. कधी माझ्या शब्दाखातर येतात, कधी माझ्या वरच्या साहेबांनी परस्पर फोन केल्यामुळे, आणि कधी अण्णांनी न मागविताच बिल फाडले जाते. ३१ तारखेच्या रात्री सहा लाख पुरे होतात. गटावर टाळ्यांची चित्रे उमटतात. ज्या मालाबद्दल टाळ्या पडल्या तो अण्णांच्या गोदामात अंधारात बसलेला असतो.

गंमत इथे संपत नाही. पुढील वर्षाचे टार्गेट ठरते ते या पुऱ्या झालेल्या सहा लाखांवर. बारा टक्के वाढ धरली तर ६ लाख ७२ हजार. खरा खपही त्याच वेगाने वाढला, असे आपण उदारपणे धरू. तो होतो ५ लाख ४ हजार. म्हणजे दीड लाखाची तूट १ लाख ६८ हजारांची झाली. काम चांगले करूनही तूट वाढली! खोट्या आकड्यावर शेकड्याने वाढ लावली की खोटेपणाही शेकड्यानेच वाढतो. याला चौथीतल्या मुलाचे गणित पुरे आहे, व्यवस्थापनशास्त्राची पदवी लागत नाही.

मग दीड-दोन वर्षांनी तोच माल मुदत संपून परत येतो. आता कंपनी विचारते, "तुमच्या भागात एक्स्पायरी इतकी का?" पत्र येते ते मला. इन्सेंटिव्ह कापला जातो तो माझा. ज्यांनी २८ तारखेला फोन केला होता ते साहेब तोपर्यंत बढती मिळून दुसऱ्या विभागात गेलेले असतात, आणि पेट्या चढविल्याबद्दलची त्यांची पदके त्यांच्या दिवाणखान्यात असतात. ज्या मालाची मुदत अजून थोडी उरली आहे तो केमिस्टच्या गळ्यात घालायला योजना निघते: दहावर तीन फुकट. केमिस्टही माणूस आहे. ज्या डब्यावर तीन फुकट मिळाले तो डबा तो पुढे मांडतो. वाचकहो, आपण दुकानात विचारता, "हेच द्या, किंवा यासारखं दुसरं चालेल," तेव्हा यासारखे दुसरे कोणते निघते, याचा विचार आपण करीत असाल असे वाटत नाही.

आपण म्हणाल, हे आम्हाला कोणी कळविले नाही. कळविण्याची सोय कुठे आहे ते पाहू.

दररोज मी अहवाल भरतो. पूर्वी तो कागदावर असे आणि टपालाने जाई, आता फोनवर. दिवसाला दहा-बारा डॉक्टर आणि चार-पाच केमिस्ट भेटले पाहिजेत. मी कोणत्या दारात किती वाजता उभा होतो हे फोन आपल्याला उपग्रहाच्या मदतीने सांगतो. डॉक्टर काय बोलले हे मात्र उपग्रहाला ऐकू जात नाही. त्यासाठी 'प्रतिक्रिया' या रकान्यात चार पर्याय छापलेले आहेत: उत्तम, चांगली, नमुने हवेत, पुन्हा भेटावे. पाचवा पर्याय नाही.

जतच्या बाजारच्या दिवशी एका केमिस्टच्या फळीपाशी मी तासभर उभा होतो. आमची पट्टी १५ गोळ्यांची आहे. बाजाराला आलेली बाई चार गोळ्या मागते, कारण तेवढेच पैसे तिने बाजूला ठेवलेले असतात. केमिस्ट कात्रीने पट्टी कापतो. चार गोळ्या बाईला, दुसऱ्या चार आणखी कोणाला. नाव, बॅच आणि मुदतीची तारीख छापलेला तुकडा कोणा एकाच्या वाट्याला जातो; बाकीच्यांच्या हाती नुसता चंदेरी कागद. ती बाई घरी जाऊन शिकेकाईच्या डब्यात तो तुकडा ठेवील आणि चार महिन्यांनी, "मागं याच गोळीनं बरं वाटलं होतं," म्हणून सासूला देईल. कोणती गोळी, कधीपर्यंत चांगली, हे त्या घरात कोणालाही कळायचा मार्ग नाही. पाच गोळ्यांची लहान पट्टी काढा, किंवा निदान प्रत्येक गोळीच्या पाठीवर नाव-तारीख छापा, ही सूचना एखाद्या तज्ज्ञ सल्लागाराने दिली असती तर आपण त्याला लाखांची फी मोजली असती. माझ्यापाशी ती फुकट आहे. पण ती उत्तम, चांगली, नमुने हवेत आणि पुन्हा भेटावे यांपैकी कशात बसवू?

साहेब, कंपनीत डॉक्टर, केमिस्ट आणि रोगी या तिघांनाही रोज डोळ्यांनी पाहणारा एकच माणूस आहे आणि तो मी आहे. आपण मला कंपनीचे तोंड समजता आणि त्यात शब्द घालता. मी कंपनीचा डोळाही होऊ शकलो असतो. उंटावरून शेळ्या हाकताना निदान शेळीपाशी उभ्या असलेल्या माणसाला तरी विचारावे!

आता भेटींविषयी. दिवाळीचा अंक आहे, तेव्हा हा विषय टाळता येणार नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च आयकरात वजावट म्हणून दाखविता येणार नाही. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारच्या औषध विभागाने विक्रीच्या पद्धतींबद्दल नवी आचारसंहिता काढली. डॉक्टरांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना भेटवस्तू नाही. एका औषधाचे नमुने एका डॉक्टरला वर्षाकाठी १२ पुड्यांपलीकडे नाहीत, आणि साऱ्या नमुन्यांची किंमत देशातल्या विक्रीच्या २ टक्क्यांच्या आत. डॉक्टरांची गाठ पडावी म्हणून प्रतिनिधीने कोणत्याही मिषाने पैसे मोजू नयेत, असेही तीत आहे. आणि कर्मचाऱ्यांच्या कृत्यांना कंपनी जबाबदार राहील, हेही आहे. संहितेला कायद्याचे दात नाहीत, आणि तक्रारी ऐकणाऱ्या समित्या कंपन्यांच्या संघटनांतच बसविल्या आहेत, हा भाग वेगळा. तरी कागद चांगला आहे. आपण तो आम्हा सर्वांना पाठविला, 'वाचला व समजला' असे आमच्याकडून लिहून घेतले. आणि त्याच आठवड्यात तोंडी निरोप आला: "मोठे दहा डॉक्टर सांभाळा. कसे ते तुम्ही बघा." लेखी एक आणि तोंडी दुसरे. उद्या काही निघाले तर लेखी आपले, तोंडी माझे!

सारेच डॉक्टर हात पुढे करून बसलेले असतात, असे मात्र कोणी समजू नये. माझ्या भागातल्या एका वृद्ध डॉक्टरांनी सुक्या मेव्याचा डबा उघडूनही न पाहता परत केला होता. म्हणाले, "हा माझ्या पेशंटच्या बिलात धरलाय ना? मग त्यालाच नेऊन दे." अशा माणसासमोर उभे राहताना कंपनीच्या नावाची पाटी छातीवर असते, आणि ती उलटी करावीशी वाटते. आपल्याला तो अनुभव नसावा. आपल्या छातीवर पाटी नसते.

कायद्याचे दोन शब्द लिहितो, लांबण लावीत नाही. आमच्यासाठी संसदेने १९७६ साली स्वतंत्र कायदा केला. नेमणूकपत्र, रजा, यांचे हक्क त्यात आले. पुढे १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की औद्योगिक विवाद कायद्याच्या मूळ व्याख्येत एमआर हा कामगार बसत नाही. म्हणजे बॅग उचलताना आम्ही हमाल, बोलताना विद्वान आणि न्याय मागताना कोणीच नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने कामगाराच्या व्याख्येत विक्री-संवर्धन कर्मचाऱ्याला नावानिशी घेतले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती संहिता अमलात आल्याचे सरकारने जाहीर केले. पण आमच्या धंद्यात यावर उतारा आधीपासूनच तयार आहे: माझ्या नेमणूकपत्रावर 'टेरिटरी बिझनेस मॅनेजर' असे लिहिलेले आहे. मी कोणाचा मॅनेजर? माझ्या हाताखाली माझी बॅग आहे, आणि तीही माझे ऐकत नाही. तिचा पट्टा दर पावसाळ्यात तुटतो. हुद्दा वाढविला म्हणजे हक्क कमी होतात, अशी ही बढती. आमच्या आईला मात्र तिचे कौतुक आहे. "माझा लेक म्यानेजर आहे," असे ती शेजारणींना सांगते, तेव्हा मी गप्प बसतो.

आपल्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, ते मी नाकारीत नाही. आपल्यालाही वरून दट्ट्या असतो. संचालक मंडळ आकडा मागते, भागधारक संचालकांना मागतात, आणि शेजारच्या कंपनीने पंधरा टक्के वाढ दाखविली की आपल्याला झोप येत नाही. एरिया मॅनेजरही वाईट माणूस नाही; तो कालचा एमआरच आहे, त्याच्याही घरी पोरे झोपलेली असतात. प्रत्येक जण वरून आलेल्या आकड्यात आपल्या भीतीपुरती थोडी भर घालून तो खाली ढकलतो. मी तळाशी आहे. माझ्या खाली ढकलायला अण्णा आहेत, आणि अण्णांच्या खाली रोगी. हे सारे खरे. परंतु मग 'मोकळेपणाने बोला' हे परिपत्रक तळाकडे का पाठविले? मोकळेपणाची सुरुवात जिथून आकडा निघतो तिथून व्हावी. आपण संचालक मंडळापुढे उभे राहून म्हणावे, की सांगली-मिरजेचा खरा खप साडेचार लाखांचा आहे, बाकीचा माल गोदामात आहे. बघू आपल्याला किती चांदण्या मिळतात.

माझे मागणे फार नाही. टार्गेट केमिस्टकडे गेलेल्या मालावर मोजा. ज्याने माल चढवायला लावला त्याच्या नावावर एक्स्पायरी लिहा, मग तो कोणत्याही हुद्द्याचा असो. जे तोंडी सांगता ते लेखी द्या. लेखी देता येत नसेल तर सांगू नका. आणि त्या प्रतिक्रियेच्या रकान्यात एक कोरी जागा ठेवा. पगारवाढीबद्दल मी इथे एक अक्षरही लिहिले नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. ते भांडण वेगळे आहे आणि ते संघटना करील.

या पत्राचा परिणाम काय होईल, याचा मला अंदाज आहे. आधी बदली होईल, बहुधा अशा ठिकाणी की जिथे आईला नेता येणार नाही. नंतर 'कामगिरीत सुधारणा' या नावाचा तीन महिन्यांचा कार्यक्रम लागेल. घरी हे बोलून ठेवले आहे. सौभाग्यवतींनी या खेपेला फराळात अनारसे रद्द केले आहेत आणि मुलाची सायकल पुढच्या वर्षावर गेली आहे. तो रुसला आहे, पण जेवला.

या महिन्याचे क्लोजिंग दिवाळीतच येते. अण्णांना मी आधीच सांगून टाकले आहे, की माझ्याकडून एकही जादा पेटी येणार नाही आणि वरून कोणाचा फोन आला तर माझे नाव खुशाल सांगा. केमिस्टांचे हिशेब मी दुकानोदुकानी फिरून स्वतः लिहून घेतले आहेत. आज २६ तारखेपर्यंतचा खप ३ लाख ९४ हजारांचा आहे. ३१ ला जो होईल तोच पाठवीन.

आपला,
एक टेरिटरी बिझनेस मॅनेजर
मुक्काम सांगली